मदत हवी आहे: 'गॅदर' आणि 'गॅदरिंग'चं मराठी कुठे काय करायचं?

शब्दगाठ

इंग्रजी-मराठी अनुवादाच्या वर्गासाठी सरावाची वाक्यं जमवते आहे. सगळ्यांत 'गॅदर' किंवा 'गॅदरिंग' आहे. शब्दकोशातला 'गोळा करणे, जमणे' हा अर्थ यातल्या निम्म्या ठिकाणी लावला की वाक्य हास्यास्पद होतं.

१. गॅदर द टॉप एज ऑफ द स्कर्ट टू फिट द वेस्टबँड. (शिवणाची पुस्तिका)
२. आय गॅदर यू आर लीव्हिंग ऑन मंडे.
३. शी हॅड अ गॅदरिंग ऑन हर फिंगर. (एकोणिसाव्या शतकातल्या गोष्टीत शोभेल असं)
४. द फर्स्ट गॅदरिंग इज वॉन्टिंग. (जुन्या छापील ग्रंथांच्या सूचीत असतं तसं)
५. द विमेन गॅदर्ड फ्लावर्स ॲज द क्लाउड्ज गॅदर्ड.
६. ॲन्युअल सोशल गॅदरिंग. (शाळेची पत्रिका, पालकांना जाणार, परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनाही जाणार)

शिवाय 'गॅदर' आणि 'कलेक्ट' यांतला फरक विद्यार्थ्यांना कसा सांगावा? नियम नसला तरी चालेल, ओळखायची खूण हवी.

रानवाट

पाचव्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांची किल्ली तिथेच आहे. क्रियापदाकडे बघत बसू नका, काय गॅदर होतंय ते बघा. मराठीत जवळजवळ प्रत्येक वस्तूला स्वतःचं क्रियापद आहे.

फुलं झाडाखाली पडलेली असतील तर वेचणं (प्राजक्त, बकुळ). झाडावरची असतील तर तोडणं किंवा खुडणं. इंग्रजी वाक्यात हे सांगितलेलं नाही, म्हणून आजूबाजूचा मजकूर बघावा लागेल. तिथेही काही नसेल तर 'फुलं गोळा करत होत्या' हाच सुरक्षित मार्ग. कापूस वेचतात, त्याची 'वेचणी' होते. चहाची पानं खुडतात. सरपण गोळा करतात. अंत्यसंस्कारानंतर अस्थी सावडतात, तिथे 'गोळा करणे' लिहिलं तर वाचणारा चरकेल.

आपोआप होणाऱ्या गोष्टींचं वेगळं. ढग दाटून येतात, अंधार दाटतो, धूळ साचते, गाडी वेग घेते, माणसं जमतात. 'धूळ गोळा झाली' हे झाडून कोपऱ्यात केलेल्या ढिगाला म्हणतील, न उघडलेल्या पुस्तकावरच्या थराला नाही. धैर्य आणि बळ एकवटतात. पदर, पसारा, सामान आवरतात. 'शी गॅदर्ड हर स्कर्ट्स' म्हणजे तिने घोळ आवरून धरला.

व्याकरणाची एक खूण: कर्म नसेल तर कर्ता अनेकवचनी किंवा समूहवाचक लागतो, नाहीतर ढग, धूळ, अंधार असं पसरून साठणारं काहीतरी. 'ही गॅदर्ड ॲट द गेट' असं एकट्या माणसाबद्दल म्हणता येत नाही. मराठी 'जमणे'ही त्या अर्थाने तसंच वागतं, त्यामुळे हे विद्यार्थ्यांना पटकन कळतं.

काथ्याकूट

कलेक्टबद्दल. 'गॅदर'मध्ये विखुरलेलं एका जागी आणणं येतं. 'कलेक्ट'मध्ये त्यावर निवड, शिस्त किंवा हक्क यांपैकी काहीतरी चढलेलं असतं. तिकिटं, नाणी कलेक्ट करतात, कारण संग्रह असतो. कर, भाडं, थकबाकी कलेक्ट करतात, तिथे मराठीत 'वसूल करणे'. वर्गणी मात्र गोळा करतात. 'वर्गणी वसूल केली' म्हटलं की दमदाटीचा वास येतो. ब्रिटिश इंग्रजीत मुलांना शाळेतून आणणं आणि दुकानातून पार्सल घेणं हेही 'कलेक्ट'. अमेरिकेत त्याला 'पिक अप' जास्त चालतं. यांपैकी कुठेही 'गॅदर' बसत नाही.

काही ठिकाणी दोन्ही चालतात: माहिती, पुरावे, विदा (डेटा). तिथे अर्थाचा फरक फार शोधू नका, प्रमाण मराठीत 'संकलन' दोन्हींना पुरतं.

मुळाबद्दल विचारलं नाहीत, तरी वर्गात उपयोगी पडेल: 'गॅदर' जुन्या इंग्रजीतला देशी शब्द, 'टुगेदर'चा सख्खा नातेवाईक. 'कलेक्ट' लॅटिनमधून आलेला. म्हणून कार्यालयीन भाषेत 'कलेक्ट' जास्त आणि घरगुती बोलण्यात, कवितेत 'गॅदर' जास्त दिसतो.

सुईदोरा

पहिलं वाक्य माझ्याकडे द्या. इथे 'गॅदर' म्हणजे चुण्या पाडणे. 'स्कर्टची वरची कड गोळा करा' असं छापलेलं असेल तर शिवणारी बाई पुस्तिका बाजूला ठेवेल. 'टू फिट द वेस्टबँड' म्हणजे 'कमरपट्टीच्या मापात येईपर्यंत'. पण नुसतं वाक्य देऊन भागणार नाही. अनुवादकाला कृती माहीत नसेल तर पुढची चार वाक्यंही चुकतात. म्हणून कृती लिहिते.

कमरपट्टी ७० सेंमी असेल तर मध्यम सुती कापड दुप्पट घ्यायचं, म्हणजे १४० सेंमी. मलमल, व्हॉइल, जॉर्जेट यांसारख्या पातळ कापडाला अडीच ते तीन पट, जाड कापडाला दीडपट पुरे. जाड कापडाच्या दुप्पट चुण्या घातल्या तर कमरेपाशी वळकटी होते.

शिलाईसाठी दीड सेंमी सोडलेलं धरू. मशीनचा टाका ४ ते ५ मिमी लांब करायचा, वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करायचा. कडेपासून ६ मिमीवर एक टीप, १२ मिमीवर दुसरी. दोन्ही टोकांना उलट टाका मारायचा नाही आणि दोरे ८-१० सेंमी लोंबते ठेवायचे. आता कापडाचे आणि पट्टीचे चार-चार समान भाग करून खुणा करा, खुणेला खूण लावून टाचण्या मारा. मग बॉबिनचे (मशीनच्या खालच्या रिळाचे) दोन्ही दोरे एकत्र धरून हळूहळू ओढा. ताण वरच्या दोऱ्याचा सैल केलेला असतो, त्यामुळे बॉबिनचाच दोरा सहज सरकतो. चुण्या बोटांनी सारख्या पसरवा, टाका नेहमीच्या लांबीवर आणा, ताण पूर्ववत करा आणि चुण्यांची बाजू वर ठेवून दीड सेंमीवर पक्की टीप मारा.

बिघडतं कुठे? एकच टीप मारली तर चुण्या आडव्या पडतात आणि पक्क्या शिलाईत दुमडून अडकतात. दुसरी टीप त्यांना उभं धरते. चुण्यांची बाजू खाली ठेवली तर मशीनचे दात त्यांना ओढत नेतात आणि एका अंगाला गर्दी होते. कड लांब असेल, मीटरच्या वर, तर टीप मध्ये तोडून दोन भागांत मारा, नाहीतर ओढताना दोरा तुटतो आणि सगळं पहिल्यापासून. इस्त्री फक्त शिलाईच्या आतल्या भागावर फिरवायची; चुण्यांवर दाबली की त्या चपट्या झाल्याच.

गोंधळ होणारे शेजारी: 'प्लीट' म्हणजे मोजून घातलेली घडी (साडीला निऱ्या, पण शिवणात सगळे प्लेटच म्हणतात). 'टक' म्हणजे घडी घालून वरून शिवलेली. 'ईझ' म्हणजे चुणी न दिसता जास्तीचं कापड सामावून घेणं, उदाहरणार्थ बाही मुंढ्याला जोडताना. पुस्तिकेत 'ईझ' असेल तिथे 'चुण्या' लिहिलंत तर साध्या बाहीची फुग्याची बाही होईल.

खिळेजुळारी

चौथं. पुस्तकबांधणीत 'गॅदरिंग' म्हणजे छापलेला मोठा कागद घडी घालून झालेली पानांची जुडी. छापखान्यातला आपला शब्द 'फर्मा'. 'वॉन्टिंग' म्हणजे इथे 'हवा आहे' नव्हे, 'नाही, गहाळ आहे'. म्हणून: 'पहिला फर्मा गहाळ.'

सूचीत 'गॅदरिंग ऑफ एट लीव्ह्ज' असं आलं तर आठ पृष्ठं नव्हे, आठ पानं म्हणजे सोळा पृष्ठं. 'लीफ' म्हणजे पाठपोट एक पान. ही चूक झाली की पृष्ठसंख्या सरळ निम्मी होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हाती लिहिलेल्या शिवलेल्या ग्रंथाबद्दल असेल तर 'फर्मा' खटकेल, तिथे 'जुडी' लिहा. आपल्या पोथीला यातलं काहीच लागू नाही, तिची पानं सुटीच असतात.

बांधणीच्या खोलीत आणखी एक 'गॅदरिंग' आहे: सगळे फर्मे क्रमाने एकावर एक लावणं. क्रियेबद्दल बोलणं चाललंय की वस्तूबद्दल, ते बघूनच शब्द ठरवा.

रानवाट

तिसरं राहिलं. जुन्या इंग्रजीत 'गॅदरिंग' म्हणजे पू साठलेली सूज. 'तिचं बोट पिकलं होतं' इतकं साधं लिहा. नखाशेजारी असल्याचं पुढे आलं तर 'नखुरडं'. आजच्या डॉक्टरी मजकुरात हा शब्द या अर्थाने भेटत नाही, तिथे 'ॲब्सेस' असतो, म्हणजे गळू.

काथ्याकूट

दुसऱ्याला मराठीत फार सुंदर सोय आहे आणि ती कुणी वापरत नाही. 'आय गॅदर' म्हणजे थेट कुणी सांगितलेलं नाही, पण ऐकलेल्या-पाहिलेल्या खुणांवरून काढलेलं अनुमान. मराठीत हे वाक्याच्या शेपटीला येतं: 'सोमवारी निघताय वाटतं.' 'मला असे समजते की आपण सोमवारी निघत आहात' हे सरकारी पत्र झालं. अर्थात मूळच सरकारी पत्र असेल तर तेच बरोबर.

'वाटतं' आणि 'म्हणे' यांत घोळ नको. बांधलेल्या बॅगा दिसल्या तर 'निघताय वाटतं'. शेजारणीकडून कळलं तर 'ते निघालेत म्हणे'. इंग्रजी 'आय गॅदर' दोन्हींना पुरतो, मराठीत निवडावं लागतं. समोरच्याशीच बोलताना 'म्हणे' वापरलं तर किंचित टोमणा येतो ('तुम्ही जाताय म्हणे!'), तो मूळ वाक्यात आहे का ते पाहा.

उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीत जाताना विद्यार्थी 'आय ॲम गॅदरिंग दॅट' लिहितात. या अर्थाने चालू काळ चालत नाही. 'आय गॅदर', 'आय गॅदर्ड', 'फ्रॉम व्हॉट आय गॅदर' एवढंच.

शब्दगाठ

'वाटतं' अगदी चपखल! सहाव्याचं काय? शाळेचा आग्रह 'गॅदरिंग'चाच आहे.

दप्तरदार

आग्रह चूक नाही. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला 'गॅदरिंग' म्हणतात आणि नाटक, नाच, बक्षीससमारंभ हे सगळं त्यात गृहीत असतं. पालकांना काही समजावावं लागणार नाही. पण इंग्लंड-अमेरिकेत वाढलेल्या वाचकाला 'सोशल गॅदरिंग' म्हणजे चार लोक जमून खाणंपिणं, गप्पा. रंगमंचावरचा कार्यक्रम त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. आणि स्कॉटलंडचा वाचक असेल तर 'गॅदरिंग' म्हटल्यावर ब्रेमारचे सप्टेंबरातले खेळ आणि बॅगपाइप आठवतील.

काथ्याकूट

असहमत. भारतीय इंग्रजीत रुळलेला शब्द आहे, माजी विद्यार्थीही इथलेच. त्यांना 'गॅदरिंग' कळणार नाही तर कुणाला? माझं मत: शीर्षक तसंच ठेवा.

दप्तरदार

त्यांना कळेल, त्यांच्या तिकडच्या जोडीदारांना आणि मुलांना नाही. म्हणून शीर्षक तसंच ठेवायचं असेल तर खालच्या ओळीत काय होणार ते लिहा: नाट्यप्रवेश, नृत्य, पारितोषिक वितरण, वेळ. नाहीतर 'ॲन्युअल डे', भारतभर चालतं. फक्त माजी विद्यार्थ्यांचा वेगळा मेळावा असेल तर त्याला 'रीयुनियन' म्हणा. 'गेट-टुगेदर' जोडरेघेसह नाम, रेघेशिवाय क्रियापद. 'वी डिड गेट-टुगेदर' नव्हे, 'वी हॅड अ गेट-टुगेदर'.

आणि पत्रिकेत 'असेंब्ली' घालू नका. शाळेत ती सकाळची, म्हणजे आपला परिपाठ. राज्याची असेंब्ली विधानसभा, यंत्राची असेंब्ली जुळणी. कायद्यात तीच 'जमाव' होते: पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव भारतीय दंड संहितेत कलम १४१ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १८९ मध्ये आहे. कायद्याच्या अनुवादात तिथे 'मेळावा' किंवा 'सभा' लिहिणं म्हणजे अर्थच बदलणं.

शब्दगाठ

पहिल्या वाक्याचा आणि त्याच्या पुढच्या सूचनेचा मसुदा असा केला आहे: 'स्कर्टच्या वरच्या कडेला कमरपट्टीच्या मापात येईपर्यंत चुण्या पाडा. बॉबिनचा दोरा ओढा आणि चुण्या सारख्या करा.' चालेल?

सुईदोरा

'बॉबिनचे दोन्ही दोरे एकत्र ओढा' करा. एकवचन ठेवलंत तर शिकणारी एकच ओढेल, दुसरी टीप तशीच सरळ राहील आणि कापड तिथे फुगेल. बाकी ठीक आहे.