लॉनला ‘करपा’ झाला की लॉन ‘करपलं’?

गंगापूर रोडवरून: ऐन श्रावणात अंगणातल्या लॉनवर वितीएवढे गोल, तपकिरी चट्टे पडलेत. (नाशकात ‘लॉन्स’ म्हटलं की लोक लग्नाची तारीख विचारतात, म्हणून सांगते, घरचंच लॉन.) माळीकाका म्हणाले, “करपा आलाय.” शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “ऊन कुठंय करपायला?” नर्सरीवाला ‘भुरी’ म्हणून मोकळा झाला. खरा शब्द कोणता?

निफाडहून: ताई, नर्सरीवाल्याचं सोडा. आमच्या द्राक्षपट्ट्यात पांढरं दिसलं की भुरी म्हणायची सवयच आहे. भुरी म्हणजे पानावर राख भुरभुरल्यासारखी पांढरट भुकटी. पानाखाली कापूस धरला तर ती डावणी, पुस्तकातला केवडा. तुमचे चट्टे तपकिरी, म्हणजे दोन्ही नाहीत. आणि बुरशी हे तर सगळ्यांचं आडनाव, लोणच्यावर येते तीही बुरशीच.

वहिनींची शंका मात्र रास्त आहे. भाकरी आचेनं करपते, करपा रोग ओलाव्यानं वाढतो. शेतकऱ्यानं नाव दिसण्यावरून ठेवलंय, कारणावरून नाही. गव्हाचा तांबेरा तसाच. बाजरीच्या कणसात दाण्याऐवजी पानांच्या जटा फुटल्या तर रोगाचं नाव ‘गोसावी’! याहून नेमकं नाव कुठल्या शास्त्रज्ञाला सुचलं असतं?

इंदिरानगरवरून: पण नाव चुकलं तर उपाय उलटतो. नारिंगी पूड चपलेला लागत असेल तर तो तांबेरा. तो बहुधा नत्र कमी पडून वाढ खुंटलेल्या गवतावर येतो, म्हणून थोडं खत द्यायचं. तपकिरी चट्टे मात्र नत्र जास्त झाल्यानं फोफावतात. त्यांना युरिया टाकलात तर संपलंच. पहाटे दवात चट्ट्याच्या कडेला कोळिष्टकासारखे धागे दिसतात का बघा. गवत ओढल्यावर चटईसारखं उचललं गेलं, तर ती बुरशी नव्हे, मुळं खाणारी हुमणी अळी.

धागे दिसले तर करपाच समजा. मग संध्याकाळचं पाणी बंद, द्यायचं तर सकाळी. कात्रीला धार हवी, कापलेलं गवत उचलून टाका. तरीही पसरलं तरच बुरशीनाशक मारा, तेही लेबल वाचून.

गंगापूर रोडवरून: धागे दिसले! गवत उचललं गेलं नाही. गेल्याच महिन्यात युरियाही टाकला होता, तो आता बंद. काकांना सांगितलं तर म्हणाले, “मग मी काय म्हणत होतो?”