जुनी डिझेल स्विफ्ट: आधी थंड इंजिन बघा

2012 ची डिझेल स्विफ्ट लाखाला मिळतेय, क्लच आणि टर्बोचं (इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) काम आहे, घेऊ का असं विचारलंय तुम्ही. क्लचला घाबरू नका, तो खर्च ठरलेला असतो, एकदा केला की विषय संपला. टर्बो आणि इंजेक्टरचं (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) मात्र तसं नाही, बिल कुठपर्यंत जाईल नेम नसतो. सकाळी बघायला जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका, बॉनेटला हात लावून थंड आहे ना बघा मग स्टार्टर मारा, निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय, टर्बोचं सील गेलंय नाहीतर पिस्टनच्या रिंगा. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा, आतून भसाभस धूर आला तर सरळ घरी या, त्या इंजिनाचं मोठं काम निघालंय. आणि हो, 2027 ला 15 वर्षं भरतील, परत आरटीओचं पासिंग, वर जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स, तो खर्च आत्ताच किमतीतून वळता करून मागा. रनिंग किती आहे तुमचं? महिन्याला 500 किमी पण होत नसेल तर पेट्रोलच बघा, खरंच.