ग्राफिक्स कार्ड लोंबतंय, घरच्या घरी टेकू कसा करावा?

गावभागकर, सांगली:
कॉम्प्युटरमध्ये तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र आणणारा भाग) आहे, जुनं घेतलेलं. लांबी ३२ सेंमी. किराणा दुकानातल्या काट्यावर टाकलं तर १ किलो ४२० ग्रॅम भरलं. स्क्रूची बाजू ठीक आहे, पण दुसरं टोक ६ मिमी खाली आलंय, फूटपट्टी धरून मोजलं. सध्या आईच्या शिलाई मशीनचं रीळ खाली उभं केलंय. रात्री रेंडर (कॉम्प्युटरवर चित्रं तयार करायचं लांबलचक काम) लावून झोपलो की थरथरीनं रीळ सरकतं आणि पहाटे पंख्याला घासून टर्र टर्र सुरू. परवा दोरा पात्यात गुंतायचाच राहिला. शिवाय आई रोज रीळ मागते.

विकत मिळतो, माहीत आहे. पण घरात लाकूड, पाईप, नटबोल्ट पडलेत. कार्डापासून खालच्या पॉवर सप्लायच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) झाकणापर्यंत ११ सेंमी आहे. कॅबिनेट (कॉम्प्युटरचा डबा) आडवं टाक, एवढं सोडून काहीही सांगा. टेबलावर जागा नाही, आणि २०१९ च्या पुरापासून आमच्याकडे विजेची वस्तू जमिनीवर ठेवत नाहीत.

खटपट्या:
आधी टेकूचं राहू द्या. विजेची पिन काढा, कार्डाचे मागचे स्क्रू सैल करा, टोक एका हातानं उचलून धरा आणि तसंच धरून स्क्रू आवळा. स्क्रूच्या पत्र्याच्या पट्टीच्या भोकांत थोडी ढिलाई असते, बराचसा झोल तिथंच जातो. पॉवरची केबल ताणली असेल तर तीही खाली ओढते.

मिरजकर:
आमचे काका सतारमेकर गल्लीत तंबोरे करतात. त्यांच्याकडच्या तून लाकडाच्या तुकड्यांतून मी दोन पाचरी काढल्या. ६ सेंमी लांब, एका टोकाला १० मिमी, दुसऱ्याला ४. एकीवर दुसरी उलटी ठेवायची. वरची १ सेंमी सरकवली की १ मिमी उंची वाढते, आणि वरचा पृष्ठभाग सपाटच राहतो. खाली ठोकळा. लाकडातून वीज जात नाही, हा फायदा. फक्त टेकू पंख्याखाली नको, बाहेरच्या चौकटीला लावा.

सातारा_लेथ:
पाचर चांगली, पण थरथरीनं सरकणारच की. मी एमआयडीसीत लेथवर असतो. ८ मिमीचा बोल्ट आणि त्यावर लांब नट घ्या. एक फेरा म्हणजे सव्वा मिमी, हातानं फिरवून बरोबर बसवता येतं. डोक्यावर म्हाताऱ्यांच्या काठीचं रबर. आणि भावा, सगळ्या बोल्टला टेप गुंडाळ, चुकून मदरबोर्डवर (मुख्य सर्किटवर) पडला तर खर्चात पडशील. ग्लू गन वापरू नको, कार्ड तापलं की तो गोंद मऊ पडतो.

गावभागकर, सांगली:
झालं. खटपट्यांचं ऐकून स्क्रू आवळले, तिथंच ६ चे ३ मिमी राहिले. मग मिरजकरांच्या पाचरी. तूनचं लाकूड कुठलं, जुन्या खाटेच्या पाटीतून कापल्या. सरकू नयेत म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, तो घट्ट धरतो.

पहिल्यांदा हुशारी नडली. सरळच करायचं म्हणून दाबून सरकवली, तर स्क्रीनच येईना. पाच मिनिटं हातपाय गार. पाचर अर्धा सेंमी मागे घेतली, आला डिस्प्ले. जास्त उचललं तर कार्ड स्लॉटमधून (बसायच्या खाचेतून) सुटू बघतं, हे तेव्हा कळलं. आता १ मिमी खाली आहे, तेवढं असू दे.

सातारा_लेथ:
असू दे. महिन्याभरानं परत एकदा फूटपट्टी लाव, लाकूड दबतं.

गावभागकर, सांगली:
लावतो. रीळ आईला दिलं. वरचा दोरा धुळीनं काळा झालाय म्हणून तिनं चार वेढे कापून टाकले.