पिनाकाच्या घन इंधनात संशोधनाचे काम नेमके कोणते?

प्रश्न : मी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेने घडवलेल्या पिनाका अग्निबाणाच्या घन इंधनात संशोधनाजोगे काय असते, हे कोणी सांगाल का?

उत्तर १ : पुष्कळ असते. इंधनाच्या ठोकळ्यात बारीकशी भेग राहिली, तरी जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, दाब चढतो आणि मोटरचे (अग्निबाणाच्या ज्या नळीत इंधन जळते तिचे) कवच फुटू शकते. म्हणूनच ओतकामानंतर, म्हणजे इंधन ओतून घट्ट झाल्यावर, क्ष-किरणांनी तपासणी करतात.

उत्तर २ : शिवाय थंडीत इंधन सावकाश जळते. ४४ सेकंदांत १२ अग्निबाण सोडायचे असताना प्रत्येकाचे ज्वलन सारखे नसेल, तर मारा विखुरतो. १९९९ च्या कारगिल युद्धात पिनाका वापरले गेले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. प्रकल्पासाठी ज्वलनवेग हाच विषय घेईन.