रानातल्या बिया फोडून खाल्ल्यात का? नाशिककरांनो, अनुभव लिहा

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही हरसूलजवळ मामाकडे जायचो. दुपारी मोठी माणसं ओसरीवर आडवी झाली की आम्ही पोरं चाराच्या, म्हणजे चारोळीच्या, झाडाखाली. पिकलेला चार काळा-जांभळा होतो, आंबटगोड लागतो. गर चोखायचा, बी खिशात. मामी त्या बिया धुऊन वाळवायची आणि चार-पाच दिवसांनी पाटा घेऊन बसायची. बी चपटी, कडेने बारीक शिवण. ती शिवणीवर उभी धरायची आणि वरून लहान गोट्याने टिचकीएवढाच घाव घालायचा. जोरात पडला तर दाण्याचं पीठ, हळू पडला तर बी उडून अंगणात. नेमका बसला की दोन शिंपल्या उघडतात आणि आत चारोळी. मामी एका बैठकीत वाटीभर काढायची. मला दहा-बारा जमायच्या, त्याही निम्म्या तुटक्या.

परवा रविवार कारंजावर एक बाई दुकानदाराशी चारोळीच्या भावावरून भांडत होत्या. मला मामीचा अंगठा आठवला. त्याची कड गोट्याने कायमची चपटी झालीय.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय फोडायचे, कशाने, कोणी शिकवलं, काय चुकलं? स्वतः खाल्लेलं किंवा घरात पाहिलेलंच लिहा, ऐकीव औषधं नकोत.

पेठची_लेक
आमच्याकडे गोडंबी. बिब्ब्याच्या फळाचे दोन भाग असतात. देठाकडचा नारंगी, मऊ भाग म्हणजे बिब्ब्याचं फूल आणि त्याखाली लोंबतो तो काळा बिब्बा. गोडंबी त्याच्या आत. मधे जे टरफल आहे त्यात काळं, चिकट तेल भरलेलं असतं आणि सगळा धोका त्या तेलात. अंगाला लागलं की बिब्बा उततो. आधी खाज, मग फोड, मग पाणी.

आजी फोडायला बसायची ती वाऱ्याकडे पाठ करून. कोपरापर्यंत खोबरेल चोळलेलं, पुढ्यात राखेचा ढीग, डोक्याला फडकं घट्ट. वाळलेला बिब्बा राखेत लोळवायचा, दगडावर उभा धरायचा, एक घाव. निघालेली गोडंबी परत राखेत टाकायची, मग पुसायची, मग निवडायची. तेवढा वेळ आम्हाला अंगणात पाय ठेवायची बंदी होती.

मी अकरा वर्षांची असताना ती आत गेली तेवढ्यात एक बिब्बा उचलला आणि दाताने फोडला. दुसऱ्या दिवशी ओठ एवढे सुजले की तोंड उघडेना. आठ दिवस पेजेवर काढले. हनुवटीवर डाग अजून आहे. आजी मला एक शब्द बोलली नाही, पण त्या वर्षी तिने गोडंबी काढली नाही. ते मला फोडांपेक्षा जास्त लागलं.

माझ्या बाळंतपणात डिंकाच्या लाडवांत तिचीच गोडंबी होती. बदामापेक्षा मऊ, खोबऱ्याच्या जवळची चव. आता मी भद्रकालीतून विकत घेते. घरी काढायला शिकलेच नाही आणि पाहून शिकण्यासारखं ते कामही नाही, शेजारी बसवून कोणीतरी शिकवावं लागतं. आणि हात जोडून सांगते, टाच दुखते, गुडघा दुखतो म्हणून कच्चा बिब्बा अंगाला लावू नका.

धागाकर्ता
ताई, सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. ती नारंगी फुलं खायचात का?

पेठची_लेक
हो, पण ताजी नाही. ताजी घशाला खाजतात. बिब्बा काढून टाकून उन्हात चांगली वाळवली की मनुकांसारखी होतात. आजी थोडी निखाऱ्यावर भाजूनही द्यायची.

गुरांमागचा
त्र्यंबकच्या बाजूला लहानपणी गुरं राखली. हिवाळ्यात बेहड्याखाली फळांचा सडा. गर तुरट, तो कोणी खात नाही. आतली कवची दगडाने फोडली की बोटाच्या पेराएवढा दाणा निघतो, चव शेंगदाण्याची. वडिलांचा नियम होता, तीन खा, चौथा नको. धाकट्या भावाने एकदा मूठभर खाल्ले. तो झाडाखाली असा झोपला की हलवून उठेना. उठला तेव्हा भेलकांडत होता, मग उलट्या झाल्या. अंधार पडल्यावर मी त्याला पाठीवर घेऊन घरी आणला. बेहड्याने गुंगी येते हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आम्हाला त्या दिवशी कळलं.

सुरगाण्याचा_मास्तर
याच संदर्भात एक इशारा, कारण शहरातली मुलं आता शिबिरांना रानात येतात. चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, शेताच्या कुंपणाला सर्रास लावतात. तिची बी काळी, आतला दाणा पांढरा आणि चवीला चांगला. तिथेच फसगत होते. आमच्या पाच मुलांनी मधल्या सुट्टीत त्या बिया खाल्ल्या. तासाभरात उलट्या आणि पोटात कळा सुरू. सगळ्यांना दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी मुलं बरी झाली. त्या रात्री मी त्यांच्या खाटांमधून फिरत होतो. आता दर जूनमध्ये पहिल्या आठवड्यात मुलांना कुंपणाजवळ नेतो, फळ हातात घेऊन दाखवतो आणि नाव म्हणून घेतो. चव गोड म्हणजे बी खायची, हा समज आधी काढून टाकावा लागतो.

कॉलेजरोड
आमच्या शाळेच्या मैदानात देशी बदाम होता. विटेने फोडायचो, दाणा काडीएवढा. हे झाड धाग्यात चालेल का?

धागाकर्ता
झाड मूळचं समुद्रकाठचं, पण नाशिकच्या किती पिढ्यांनी पहिली बी त्याचीच फोडली असेल! चालेल.

कळवणचा
कांडोळ. उन्हाळ्यात पानं झडलेली, खोड पांढरंफटक, रात्री दिसलं तर माणूस दचकतो, म्हणून त्याला भुत्याही म्हणतात. फळं चांदणीसारखी, वरून लव. ती लव कातडीत घुसते. फळ चिमट्याने विस्तवावर धरून लव जाळायची, मग बिया काढून तव्यावर भाजायच्या. वैशाखात एकदा तरी खातो.

मोहाखाली
फोडून खायची नाही पण सांगावीशी वाटते, मोहाची बी. मोहट्या वाळवून, फोडून घाण्यावर तेल काढायचो. थंडीत ते तुपासारखं थिजतं. वास उग्र, पण त्यातली भाजी खाऊन वाढलो.

पेठ_तालुका
चाराबद्दल लिहितो, कारण जीव तुटतो. काळा झालेला चार आता झाडावर दिसत नाही. आधी कोण तोडतो याची शर्यत, म्हणून हिरवाच ओरबाडतात, काही जण फांदीच खाली घेतात. कच्च्या फळातला दाणा भरलेला नसतो, त्याला भावही येत नाही आणि पुढच्या साली त्या फांदीला मोहोर नाही. 1996 च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या फळं-बियांसारख्या गोष्टींचा, हक्क ग्रामसभेला दिला आहे. म्हणजे कधी तोडायचं ते आपणच ठरवू शकतो. आमच्या पाड्यावर यंदा बसून ठरवलं, फळ काळं झाल्याशिवाय कोणी झाडावर चढायचं नाही. दोन घरं रुसली. बाकीच्यांनी पाळलं. परवा पोरांच्या जिभा जांभळ्या पाहिल्या, किती वर्षांनी.

कॉलेजरोड
पेठची_लेक, विकतच्या गोडंबीला कधी काळे ठिपके असतात. ती खायची का?

पेठची_लेक
नाही. तो टरफलाचा अंश असतो. आजी असा प्रत्येक दाणा बाजूला काढायची आणि मातीत पुरायची. कोंबडीलाही नाही घालायची.