नाक, कान, आठवण: घरच्या म्हाताऱ्यांचे (आणि आपले) किस्से सांगा

कूलरवाली_काकू
काल कूलरला नव्या ताट्या लावल्या. पहिलं पाणी पडलं आणि हॉलभर वाळ्याचा वास. आईला म्हटलं, "आला का?" म्हणे, "काय आला?"
ही बाई तीन खोल्या पलीकडून दूध करपल्याचं सांगायची! एकदम नागपुरातल्या महाल भागातले आबाजी आठवले. प्रत्येक घासाला वरून मीठ. आम्ही पोट्टे त्यांना मिठागर म्हणायचो. आता समजून राहिलं, त्यांचं नाक गेलं होतं. चव बरीचशी नाकातच असते ना. तुमच्याकडचं लिहा.

बर्डीचा_भाऊ
बाबांना विचारलं, शेव आणू का? म्हणे, देव कशाला, देव्हारा भरलाय 😂

रात्रपाळी_सिस्टर
@बर्डीचा_भाऊ वयाने आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ त्यातलेच. म्हणून नातवंडांचं कळत नाही, लेकाचं कळते. ओरडू नका, समोर बसून सावकाश बोला. कानातल्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत, मशीन लवकर लावा. ड्यूटी आहे, नंतर येते.

वडाभात
आमच्या सासूबाईंना "सोनं" मात्र पहिल्या हाकेत ऐकू येते.

तर्री_जास्त
काकू, ताट्या वाळ्याच्या की भुशाच्या? इतवारीत काय भाव चालू आहे?

धरमपेठी
हसण्यावारी नेऊ नका. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, मरकॅप्टन मुद्दाम घालतात. माझ्या आईला तो येत नव्हता. सकाळी कामवाली दारातूनच ओरडली, बटण अर्धवट फिरलेलं. त्याच दिवशी अलार्म बसवला.

पोळा_मारबत
आमचे काका. मे महिना, पारा 45 च्या वर. दुपारी भलतंच बोलायला लागले, वारलेल्या आत्याला हाका मारून राहिले. आम्हाला वाटलं डोक्याचं गेलं. दवाखान्यात सलाईन लावली. संध्याकाळी चहात साखर कमी म्हणून भांडले! अंगातलं पाणी कमी झालं होतं. या वयात तहानच लागत नाही म्हणे. आता फ्रिजवर कागद, दर गिलासाला एक रेघ. काका न पिताच रेघ मारतात ते वेगळं.

रात्रपाळी_सिस्टर
हार्ट-किडनीवाल्यांनी पाणी किती ते डॉक्टरला विचारून बरं का.

एकाहत्तर_पूर्ण
सगळे दुसऱ्यांचंच सांगून राहिले, म्हणून मी माझं लिहिते. नावं जिभेवर येऊन अडकतात. परवा शेजारणीचं नाव आठवेना, शेवटी म्हटलं, "ती हो, रोज सांबार (कोथिंबीर) मागायला येते ती." पण चौथीत माझ्या बाकावर कोण बसायचं ते विचारा, अख्खी रांग सांगते. राग मात्र कमी झाला. जाऊबाईंच्या एका शब्दावर दोन दिवस जेवत नसे मी. आता ऐकू आलं नाही म्हणते. अर्धं खरंच येत नाही.

वडाभात
सांबारवाली आमच्या गल्लीतली तर नाही? 🤣

कूलरवाली_काकू
@तर्री_जास्त वाळ्याच्याच. आईला सगळं वाचून दाखवलं. मग उठली, ताटी दोन बोटांत चुरगाळून पाहिली. म्हणे, "जुना माल दिला. ठगवलं तुले."