होम थिएटरसाठी आधी सेंटर की आधी टॉवर?

श्रवणभक्त:
‘सगळे पैसे समोरच्या दोन मोठ्या, जमिनीवर उभ्या राहणाऱ्या टॉवर स्पीकरांवर घालावेत, पडद्याजवळचा मधला सेंटर स्पीकर ही निव्वळ चैन आहे आणि मागचे सराउंड मिळतील ते लावावेत’, असा सल्ला ‘दोनच पुरे’ यांनी काल दिला. तो वाचून मला राहवले नाही. नवखी माणसे असा सल्ला शिरोधार्य मानतात आणि मग संवाद सुरू झाला की आवाज वाढवायचा, स्फोट झाला की घाईघाईने कमी करायचा, यातच त्यांची प्रत्येक संध्याकाळ जाते. मी स्वतः तीन वर्षे असाच रिमोट हातात धरून बसलो आहे.

चित्रपटाच्या ५.१ ध्वनिमिश्रणात (पाच स्पीकर आणि खोल आवाजासाठी एक सबवूफर) बहुतेक संवाद सेंटरमध्ये असतात. सेंटर नाही असे रिसीव्हरला, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राला, सांगितले की तो हे संवाद प्रत्येकी ३ डेसिबल कमी करून डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटून देतो. बरोबर मध्यावर बसलेल्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात, हे खरे. पण सोफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे जवळच्या स्पीकरचा आवाज क्षणार्धाने आधी पोचतो आणि त्याच्या कानांना पडद्यावरचा नट सरळ त्या स्पीकरात जाऊन बसलेला वाटतो. मध्यावर बसलेलाही पूर्ण सुखी नसतोच. त्याच्या प्रत्येक कानात दोन्ही स्पीकरांचे आवाज थोड्या फरकाने पोचत असल्याने २ किलोहर्ट्झच्या आसपास एक खळगा पडतो आणि व्यंजनांची स्पष्टता बरीचशी त्याच पट्ट्यावर अवलंबून असते. म्हणून आधी सेंटर निवडावा, मग त्याच मालिकेतले डावे-उजवे स्पीकर घ्यावेत आणि टॉवरचा विचार त्यानंतर करावा, असे माझे ठाम मत आहे.

दोनच पुरे:
आपण माझे वाक्य अर्धेच उचललेत, याचे वाईट वाटले. ‘एकटा किंवा दोघे मिळून, मध्यावर बसून ऐकणाऱ्यांसाठी’ असे मी स्पष्ट लिहिले होते.

आता ज्या सेंटर स्पीकराची आपण एवढी बाजू घेता, त्याची रचना पाहा. टीव्हीखाली मावावा म्हणून तो आडवा करतात आणि मधल्या ट्वीटरच्या (उंच स्वर काढणाऱ्या भागाच्या) दोन बाजूंना दोन सारखे वूफर (खालचे स्वर काढणारे भाग) बसवतात. या वूफरांच्या मध्यबिंदूंत ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर ३० अंश बाजूला बसलेल्या माणसापासून एक वूफर दुसऱ्यापेक्षा १५ सेंटिमीटर दूर पडतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर सुमारे ११४० हर्ट्झला हे अंतर बरोबर अर्ध्या तरंगलांबीइतके होते आणि दोन्ही वूफर एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. म्हणजे सोफ्याच्या टोकाच्या ज्या माणसासाठी आपण सेंटर मागता, नेमक्या त्याच्याच वाट्याला हा खड्डा येतो! माझ्या धाकट्या भावाने पाच स्पीकरांचा तयार संच घेतला. त्याच्या सेंटरमधून येणारा प्रत्येक माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. त्याच पैशांत दोन उत्तम स्पीकर आले असते आणि त्यावर गाणीही मन लावून ऐकता आली असती. मी दुकानात दोन्ही प्रकार लावून माझ्या कानांनी ऐकले आहेत, त्यामुळे मला कागदावरची गणिते शिकवू नयेत.

मंद्रसप्तक:
आपण दोघेही भिंतींच्या रंगावर भांडत आहात आणि पायाकडे कोणाचेच लक्ष नाही. रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (स्पीकर आणि सबवूफर यांत आवाज विभागणारी सीमा) ठेवला, आणि तो बहुतेकांनी ठेवावाच, की त्याखालचे सगळे काम सबवूफर करतो. मग टॉवरच्या त्या मोठ्या पोटाचे करायचे काय? चांगले बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकर, पुरतात. उरलेले पैसे सबवूफरवर घालावेत.

त्यातही जागेचा विचार हवाच. माझ्या खोलीची लांबी ४.३ मीटर आहे, त्यामुळे ४० हर्ट्झच्या आसपास तिची पहिली स्थिर तरंगावस्था तयार होते आणि तिचा शून्यबिंदू, म्हणजे तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही अशी जागा, लांबीच्या बरोबर मध्यावर पडतो. माझा सोफा नेमका तिथे होता. ढगांचा गडगडाट शेजारच्या खोलीत ऐकू येई आणि मला मात्र जाणवत नसे. मी रिसीव्हरमध्ये त्या वारंवारतेला १० डेसिबलची उचल दिली, म्हणजे ॲम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागितली, तरी खड्डा भरला नाही. शेवटी सोफा ६० सेंटिमीटर मागे सरकवला आणि पहिल्याच गडगडाटाला खिडकीची काच थरथरली. सबवूफर ऐकण्याच्या जागी ठेवून स्वतः भिंतींच्या कडेने रांगत, जिथे मंद्र, म्हणजे खोल आवाज, सर्वांत सारखे ऐकू येते ती जागा शोधावी, हा उपाय मी त्यानंतर शिकलो.

दोनच पुरे:
प्रश्न सेंटरचा होता आणि आपण तो सबवूफरवर नेलात. माझे टॉवर ३५ हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरतात, मला तिसरे खोके नको आहे. आणि ‘पाया’ वगैरे शब्द वापरून इतरांना अडाणी ठरवणे बरे नव्हे.

मंद्रसप्तक:
अडाणी मी कोणालाच म्हटले नाही. टॉवर ३५ हर्ट्झपर्यंत उतरत असतील, पण ते उभे कुठे करायचे हे पडदा ठरवतो, कारण डावे-उजवे त्याच्या दोन बाजूंनाच हवेत. मंद्रासाठी खोलीतली सोयीची जागा सहसा वेगळी असते. सबवूफर तिथे नेता येतो, टॉवर नेता येत नाहीत. ध्वनिसंशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात एकाहून अधिक सबवूफर योग्य जागी ठेवले तर वेगवेगळ्या आसनांवरचा मंद्राचा फरक कमी होतो, हे दाखवले आहे. दोन लहान सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवून मी हे पाहिले आहे, आणि एका अवाढव्य सबवूफरपेक्षा ते मला अधिक पटले.

एक श्रोती:
मंद्राची चर्चा पुष्कळ झाली, मला संवादांकडे परत यायचे आहे. माझ्या आईला कमी ऐकू येते. आमचा सेंटर टीव्हीखालच्या कपाटाच्या खणात, आतल्या बाजूला ढकललेला होता आणि ती दर दोन वाक्यांनी ‘काय म्हणाला तो?’ असे विचारी. आम्ही तो खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूखाली रबराचे दोन तुकडे घालून त्याचे तोंड वर कानांच्या दिशेने केले आणि फक्त सेंटरची पातळी ३ डेसिबल वाढवली. त्या रात्री तिने अखंड चित्रपट एकही प्रश्न न विचारता पाहिला. सेंटरच नसता तर संवाद तेवढे उचलणे आम्हाला जमले नसते, कारण मग पार्श्वसंगीतही सोबत वाढले असते. भावाच्या डब्यातल्या आवाजाबद्दल लिहिणाऱ्यांनी तो सेंटर कुठे ठेवला आहे, हे आधी पाहावे.

दुकानातल्या कानांबद्दलही एक सांगते. शॉन ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रयोगात तेच स्पीकर पडद्याआड आणि डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले, तेव्हा ऐकणाऱ्यांनी स्पीकरांना दिलेले गुण बदलले. देखणा, उंच टॉवर समोर दिसत असताना आपले कान निःपक्ष राहतात, यावर माझा विश्वास नाही.

श्रवणभक्त:
आडव्या वूफरांचे गणित मी तपासले, ते बरोबर आहे, आणि माझ्या पहिल्या नोंदीत ते यायला हवे होते. मात्र त्यातून ‘सेंटर नको’ असे निघत नाही, ‘सेंटर पारखून घ्या’ एवढेच निघते. ज्यात ट्वीटर आणि मध्यस्वराचा छोटा ड्रायव्हर एकावर एक बसवलेले असतात असा सेंटर घ्यावा, किंवा जागा असेल तर डाव्या-उजव्यासारखाच तिसरा बुकशेल्फ मध्ये उभा करावा. मागच्या सराउंडांबाबतही ‘मिळतील ते’ हे मला मान्य नाही. ते लहान असले तरी चालतील, पण जात समोरच्यांचीच हवी आणि ५.१ मध्ये त्यांची जागा ऐकणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, म्हणजे १०० ते १२० अंशांच्या दरम्यान हवी. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यांत टांगले की ते पाठीत बोलतात.

दोनच पुरे:
काल भावाकडे गेलो होतो. त्याचा सेंटर खरोखरच खणात आत होता. बाहेर काढून पुढे ठेवल्यावर तो डब्यातला आवाज बराचसा गेला, हे मान्य करतो. मग त्याच्या मागच्या दोन स्पीकरांपैकी एक मध्ये उभा करून ऐकला. सोफ्याच्या टोकावर तो आडव्यापेक्षा स्वच्छ होता, म्हणजे माझा आक्षेप खोटा नव्हता. मध्यावर मात्र सेंटर बंद करून दोनच स्पीकरांवर तोच प्रसंग लावला, तेव्हा मला काहीही कमी वाटले नाही. भावाला वाटले. तो टोकाला बसला होता. त्याच्या घरी तिसरा स्पीकर मध्येच ठेवून आलो आहे. माझ्या घरी अजून दोनच आहेत.